हँक विल्यम्सच्या ध्वनिमुद्रणांतली मोकळी जागा

मंद्र (धागाकर्ता)

आपल्याकडे अमेरिकी कंट्री संगीताची ओळख बहुतेकांना जिम रीव्ह्जमुळे होते. गोव्यात आणि मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये त्याची गाणी घरोघरी वाजली. मऊ आवाज, मागे व्हायोलिनं, हलका कोरस. तिथून थेट हँक विल्यम्सवर आलं की कान दचकतात. आवाज टोकदार आणि थोडा नाकातला, सोबतीला चार-पाच वाद्यं, बहुतेक गाण्यांत ढोल-ताशा काही नाही. तरीही १९४७ ते १९५२ या सहा वर्षांतलं हे काम आजही ऐकलं जातं आणि गायलं जातं. ते कशामुळे, यावर हा धागा.

हँकची गाणी होंकी-टोंकची. होंकी-टोंक म्हणजे दारू, नाच आणि ज्यूकबॉक्स (नाणं टाकून तबकडी वाजवायचं यंत्र) असलेली साधी जागा. तिथल्या गोंगाटात गाण्याचे शब्द पोचायला हवेत, ठेका पायाला कळायला हवा आणि सगळं तीन मिनिटांच्या आत संपायला हवं, कारण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू तेवढीच. ही अडचण आपल्या नाट्यसंगीताच्या आणि भावगीताच्या जुन्या तबकड्यांनाही होतीच. पसरायला जागा नसली की काय ठेवायचं आणि काय टाकायचं याचा निर्णय कडक होतो. हँकच्या तबकड्यांत हा निर्णय जवळजवळ कधीच चुकत नाही.

माझ्या मते या तबकड्यांचं खरं बळ त्यांतल्या मोकळ्या जागेत आहे. आवाजाच्या पट्टीत दुसरं कुणी शिरतच नाही. स्टील गिटार (आडवी ठेवून धातूच्या पट्टीने वाजवायची गिटार) आवाजाच्या वर, ठेका आणि बास खाली, फिडल म्हणजे व्हायोलिन ओळींच्या मधल्या फटीत. मधला सगळा पट्टा एकट्या गायकाचा.

उदाहरणासाठी एकच गाणं जवळून बघू: 'आय'म सो लोन्सम आय कुड क्राय'. ३० ऑगस्ट १९४९ला सिनसिनाटीच्या हर्झोग स्टुडिओत मुद्रित झालं, तीनच्या ठेक्यात, ई स्वरात. कडवी चार, ध्रुवपद नाही. चारही कडव्यांच्या शेवटी यमक एकच, 'क्राय'चं: फ्लाय, बाय, डाय, स्काय. शीर्षकाची ओळ मात्र तीनच कडव्यांच्या शेवटी येते. दुसऱ्या कडव्यात रडणं चंद्राकडे जातं, तो ढगाआड तोंड लपवतो आणि गाणारा स्वतःबद्दल काहीच बोलत नाही. पक्षी, आगगाडी, चंद्र, झडणारी पानं, तुटणारा तारा एवढं सगळं येऊन जातं, पण जिच्या आठवणीने हे सगळं चाललंय ती व्यक्ती थेट चौथ्या कडव्यात येते, तीही अर्ध्या ओळीपुरती. तोवर ऐकणाऱ्याला हा एकटेपणा कुणाचा आणि कशासाठी हे सांगितलेलंच नसतं. असं कडव्यांचं गाणं सपाट व्हायला वेळ लागत नाही. इथे ते होत नाही, कारण प्रत्येक कडव्यात नजर नव्या चित्राकडे सरकत जाते.

स्टील गिटार, ठेका आणि कोणती आवृत्ती घ्यावी याबद्दल जाणकारांनी भर घालावी.

---

पोलादी_पट्टी

छान धागा. स्टीलबद्दल एक गैरसमज आधी दूर करतो. हँकच्या तबकड्यांवर पेडल स्टील नाही. स्वर चढता-उतरता वाकवणारा पेडलचा तो आवाज लोकांच्या कानात बसला १९५४मध्ये, वेब पिअर्सच्या 'स्लोली'वर बड आयझॅक्सने वाजवल्यावर. हँक १ जानेवारी १९५३लाच गेला होता. त्याच्याकडे ऐकू येतं ते पेडल नसलेलं स्टील, म्हणजे आपण ज्याला हवाईयन गिटार म्हणतो त्याच कुळातलं. व्हॅन शिपलींची वादनं ज्यांनी ऐकली आहेत त्यांना तारांवरून फिरणाऱ्या धातूच्या पट्टीची ती घसरण लगेच ओळखू येईल.

वादक मुख्यतः दोन आणि दोघांचा बाज वेगळा. 'लव्हसिक ब्लूज' आणि 'लोन्सम' या सिनसिनाटीच्या मुद्रणांवर जेरी बर्ड. गोल, भरलेला, रेशमी सूर. नॅशव्हिलच्या 'कोल्ड, कोल्ड हार्ट', 'हे, गुड लुकिन'', 'युअर चीटिन' हार्ट' यांवर डॉन हेल्म्स. हा सूर कापत जातो. गाण्यांचा प्रकाशक आणि मुद्रणं सांभाळणारा फ्रेड रोझ याने हेल्म्सला वरच्या पट्टीतच राहायला सांगितलं होतं. कारण साधं: खाली आलास की हँकच्या आवाजाशी भांडण. धागाकर्त्याने म्हटलेली मोकळी जागा अशी ठरवून केलेली आहे.

हेल्म्सचं वाद्य गिब्सनचं कन्सोल ग्रँड, दोन मानांचं (नेकचं), प्रत्येकीवर आठ तारा. ज्यांच्याकडे साधं सहा तारांचं लॅप स्टील आहे त्यांना त्याच्या जवळ असं जाता येईल:

तारा खालून वर ई, जी-शार्प, बी, सी-शार्प, ई, जी-शार्प. हे नेहमीच्या सी-सिक्स्थ जुळणीचेच अंतर, फक्त चार अर्धस्वर वर. मात्र सी-सिक्स्थच्या तारांचा संच तसाच वर ओढू नका. त्यातली वरची तार साधारण ०.०१५ इंचाची असते. ती जी-शार्पपर्यंत नेली तर ०.०११च्या तारेपेक्षा ताण जवळजवळ १.९ पट होतो, खुंट्या आणि नट दोन्ही त्रासतात. वरची तार ०.०११ घ्या आणि बाकीच्या त्या प्रमाणात बारीक.

सूर पातळ लागतो याचं कारण बहुतेक वेळा वाद्यात नसतं, हातात असतं. पट्टी हलकी असली की तारा खडखडतात. जड, गोल टोकाची पट्टी घ्या. पट्टीच्या मागच्या तारांवर डाव्या हाताची बोटं टेकवा, नाहीतर मागून भलतेच स्वर गुणगुणतात. पट्टी तारांना जिथे टेकते ती जागा फ्रेटच्या रेषेच्या अगदी वर, अलीकडे नाही की पलीकडे नाही. अँपवर ट्रेबल जास्त आणि रिव्हर्ब (घुमारा) शून्य. रिव्हर्ब लावला की हेल्म्स गेलाच म्हणून समजा.

आणि कंप शेवटी. आधी स्वर सरळ उभा करायचा, मग हलवायचा. पहिल्या क्षणापासून थरथर सुरू केली की रडका सूर लागतो. हेल्म्सचा सूर रडका नाही.

---

रागेश्री

सुंदर माहिती. एक प्रश्न: 'लव्हसिक ब्लूज'मध्ये आवाज मध्येच फुटून वर जातो, त्याला योडेल म्हणायचं का? आपल्याकडच्या खटक्यासारखं काही आहे का ते?

---

मंद्र

रागेश्री, मूळ योडेलच, पण तुकड्यांत वापरलेलं. खटका किंवा मुरकीशी नातं जोडू नका. खटक्यात स्वरांचा गुच्छ एकाच आवाजात फिरतो. इथे आवाजाची जातच बदलते: छातीचा आवाज सोडून एकदम खोटा, पातळ आवाज आणि लगेच परत. आपल्या तालमीत मंद्र ते तार जाताना हा सांधा दिसू नये म्हणून वर्षानुवर्षं मेहनत घेतात. इथे सांधा मुद्दाम दाखवायचा आणि तोही शब्दाच्या स्वरावर, व्यंजनावर नाही.

करून बघायचं असेल तर 'आ'वर आरामात येणारा स्वर धरा, तिथून किमान चार-पाच स्वर वर उडी घ्या आणि उडी घेताना आवाजाचा जोर वाढवू नका. जोर वाढवला की छातीचा आवाज सुटत नाही आणि घसा ताणतो. बहुतेकांचं इथेच बिघडतं.

'लव्हसिक ब्लूज' हँकने लिहिलेलं नाही. क्लिफ फ्रेंड आणि अर्विंग मिल्स यांचं १९२२चं गाणं. एमेट मिलर आणि नंतर रेक्स ग्रिफिन यांच्या मुद्रणांतून हँकपर्यंत आलेलं. २२ डिसेंबर १९४८ला हर्झोगमध्ये मुद्रित झालं. त्या वर्षीचा अमेरिकी वादक संघटनेचा मुद्रणबंद उठून जेमतेम आठवडा झाला होता. फ्रेड रोझला हे गाणं मुळीच पसंत नव्हतं. त्या बैठकीच्या शेवटी उरलेल्या वेळात ते झालं आणि १९४९मध्ये बिलबोर्डच्या कंट्री यादीत १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. हँक अमुक स्वर मात्रांपेक्षा लांब धरतो आणि वादक थांबून त्याच्या मागे येतात, हे रोझला खटकलं असणार. ऐकणाऱ्याला मात्र तेच धरून ठेवतं.

---

ठेकेदार

ढोल नाही म्हणून ठेका ढिला, असं कुणाला वाटत असेल तर पुन्हा ऐका. ड्रमचं काम इथे तिघांनी वाटून घेतलंय.

बास उभा, मोठा, बोटांनी वाजवलेला. चारच्या ठेक्यात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, तीनच्या ठेक्यात फक्त पहिलीवर. हँकची साधी गिटार सगळी भर घालते. तिसरं आणि महत्त्वाचं म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा दाबलेला टोला. झीक टर्नर, पुढे सॅमी प्रुएट यांचं हे काम. तारांवर बोटं पूर्ण दाबायची, वरून खाली एकच फटका मारायचा आणि फटका वाजताक्षणी बोटांचा दाब सोडायचा, पण बोटं तारांवरून उचलायची नाहीत. 'चक्' असा कोरडा आवाज येतो, सूर जेमतेम कळण्याइतका. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हाच स्नेअर ड्रम.

चूक दोन प्रकारची होते. मोकळ्या तारांचे कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) घेतले तर दाब सोडूनही त्या तारा वाजत राहतात, म्हणून बंद, म्हणजे प्रत्येक तार बोटाखाली असलेले कॉर्डच घ्यायचे. आणि उजव्या हाताचा तळवा ब्रिजपासून फार आत आला तर सूरच मरतो, नुसता टकटक आवाज उरतो. तळव्याची कड ब्रिजच्या अगदी काठावर ठेवायची.

अपवाद 'कॉ-लायगा'. त्यात खरोखर ड्रम आहे, फॅरिस कर्सीने वाजवलेला. त्यामुळे ड्रम ऐकू आला म्हणजे नंतरची भेसळ, असा सरसकट नियम लावू नका.

---

मेण_आणि_लाख

भेसळीचा विषय निघालाच आहे तर आवृत्त्यांबद्दल सविस्तर लिहितो, कारण अनेकांना हँक आवडत नाही तो चुकीची प्रत ऐकल्यामुळे.

हँक गेल्यावर त्याच्या तबकड्या काढणाऱ्या एमजीएम कंपनीने त्याच मुद्रणांवर नवी वाद्यं चढवली. १९६६मध्ये तर व्हायोलिनांचा ताफा चढवून आख्खी लाँगप्ले काढली. शिवाय साठच्या दशकात एकेरी (मोनो) मुद्रण 'इलेक्ट्रॉनिक स्टिरिओ' करून विकायची पद्धत होती: खालचे स्वर एका बाजूला, वरचे दुसऱ्या, मध्ये थोडा उशीर किंवा घुमारा. परिणाम असा की गायक विहिरीतून गातोय. वर तुम्ही सगळ्यांनी ज्या मोकळ्या जागेबद्दल लिहिलंय नेमकी तीच यात बुजते.

ओळखायचं कसं? हेडफोन लावा. आवाज बरोबर डोक्याच्या मध्यावर आणि वाद्यंही तिथेच, म्हणजे एकेरी, मूळ. फिडल एका कानात आणि बास दुसऱ्या कानात असेल तर खोटा स्टिरिओ. आवाजामागे 'ऊऽऽ' करणारा कोरस किंवा व्हायोलिनांचा समूह आला की चढवलेली प्रत. हातात खोटी स्टिरिओच प्रत असेल तर दोन्ही बाजू एकत्र करून ऐकू नका. उशिरामुळे काही स्वर एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ होतो. त्यापेक्षा जी बाजू स्वच्छ वाटते ती एकच घ्या आणि दोन्ही कानांना द्या.

काय घ्यावं:

पहिली खरेदी '४० ग्रेटेस्ट हिट्स', पॉलिडॉर, १९७८, दोन लाँगप्ले. मूळ एकेरी मुद्रणं, काही चढवलेलं नाही. पुष्कळांना एवढं पुरतं.

पुढे जायचं तर १९९८चा मर्क्युरीचा 'द कम्प्लीट हँक विल्यम्स', १० सीडी, २२५ मुद्रणं.

नुसता आवाज आणि गिटार ऐकायची असेल तर कंट्री म्युझिक फाउंडेशनने १९८५-८६मध्ये काढलेले नमुना-मुद्रणांचे दोन संच. गाणं विकण्यापूर्वी प्रकाशकासाठी केलेली ही मुद्रणं. वादक नसतानाही गाणं उभं राहतं का, हे इथे कळतं. राहतं.

आणि सगळ्यांत मोठा ठेवा, मदर्स बेस्ट नावाच्या पिठाच्या कंपनीसाठी १९५१मध्ये केलेले नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावरचे पंधरा-पंधरा मिनिटांचे सकाळचे कार्यक्रम. हँक दौऱ्यावर असताना वाजवता यावेत म्हणून ते आधी १६ इंची अ‍ॅसिटेट तबकड्यांवर कापून ठेवले होते. पुढे त्या कचऱ्यात जाणार होत्या. ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाचे छायाचित्रकार लेस लेव्हरेट यांनी त्या उचलून जपल्या. मालकीचा वाद न्यायालयात वारसांच्या बाजूने सुटल्यावर २००८पासून ही मुद्रणं बाहेर आली. त्यांत भजनं आहेत, इतरांची गाणी आहेत, मध्ये पिठाची जाहिरात आहे, आणि आवाज व्यावसायिक तबकड्यांपेक्षा जवळचा वाटतो. अ‍ॅसिटेटवर थेट कापलेलं, दाबून काढलेल्या प्रतीची घरघर नाही.

---

रागेश्री

जुन्या बाजारात एमजीएमची ७८ मिळाली तर वाजवण्याजोगी असते का? लाँगप्लेच्या टर्नटेबलवर चालेल?

---

मेण_आणि_लाख

टर्नटेबलला ७८चा वेग हवा आणि सुई बदलावी लागेल. ७८ची खाच रुंद. तिला सुमारे ३ मिलची, म्हणजे ७६ मायक्रॉनची सुई लागते. लाँगप्लेची ०.७ ते १ मिलची बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन बसते, तिथला कचरा वाजवते आणि भिंतींवरचं गाणं धड उचलत नाही. लोक म्हणतात तबकडी खराब आहे. तबकडी ठीक असते, सुई चुकीची असते.

अँप एकेरीवर ठेवा. खाच आडवी कापलेली असते, तर घरघरीचा बराच भाग उभा असतो. दोन्ही बाजू एकत्र केल्या की तो भाग आपोआप कटतो. स्वरसमतोलाची आजची सर्वमान्य पद्धत १९५४नंतर रूढ झाली, त्यामुळे आधीच्या तबकड्यांवर ट्रेबल कमी-जास्त करून कानाने जुळवावं लागतं. खूण म्हणून हँकचे 'स' ऐका. ते सुरीसारखे टोचले तर ट्रेबल उतरवा, बोबडे झाले तर चढवा.

धुताना अल्कोहोल किंवा स्पिरिट अजिबात नाही. तबकडी लाखेची आहे, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. डिस्टिल्ड पाणी, त्यात सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, कागदी लेबल कोरडं, आणि लगेच पुसून उभी वाळवायची. ठेवायचीही उभीच. आडव्या थप्पीत सगळ्यांत खालची तडकते.

चावीच्या ग्रामोफोनवर ती वाजवायचा मोह टाळा. त्याचा साउंडबॉक्स जड. या काळातल्या तबकड्या हलक्या पिकअपसाठी निघाल्या होत्या, थोड्याच फेऱ्यांत खाच पांढरी पडते. पांढरी पडलेली खाच धुऊन बरी होत नाही, म्हणून विकत घेताना तबकडी उजेडात तिरकी धरून बघा. जोरकस जागांवर राखाडी पट्टा दिसला तर घेऊ नका. त्याच काळात एमजीएमने ४५ फेऱ्यांच्या व्हायनल प्रतीही काढल्या होत्या. त्या मिळाल्या तर उत्तम, घरघर खूपच कमी.

---

ओवीकर

इथे हँकचं कौतुक चाललंय ते योग्यच, पण श्रेयाची वाटणी थोडी बदलावी असं सुचवतो. फ्रेड रोझचं नाव वर आलं ते सूचना देणारा म्हणून. प्रत्यक्षात तो स्वतः मुरलेला गीतकार. हँकच्या कच्च्या ओळी तो घासून द्यायचा. 'कॉ-लायगा'वर दोघांची नावं आहेत आणि 'टेक दीज चेन्स फ्रॉम माय हार्ट' तर रोझ आणि हाय हीथ यांचंच. ओळ सहज बोलल्यासारखी वाटते त्यामागे दोन माणसं आहेत.

आणि हँकच्या आधी रूफस पेन. अलाबामात रस्त्यावर गाणारा काळा गायक, टी-टॉट नावाने ओळखला जाणारा. लहानपणी हँक त्याच्याकडूनच शिकला आणि तसं त्याने स्वतः सांगितलंय. 'मूव्ह इट ऑन ओव्हर' घ्या, १९४७चं: सरळ बारा मापांचा ब्लूज, म्हणजे काळ्या गायकांच्या संगीताचा ठरलेला साचा आहे. होंकी-टोंक म्हणजे गोऱ्यांचं संगीत असं जे मांडलं जातं ते या तबकड्या नीट ऐकल्या की टिकत नाही.

---

मंद्र

ओवीकर, पूर्ण मान्य. रोझबद्दल एवढंच जोडतो की त्याने घासलं, पण गुळगुळीत केलं नाही. 'कोल्ड, कोल्ड हार्ट' बघा. २१ डिसेंबर १९५०ला मुद्रित झालं आणि 'डिअर जॉन'च्या मागच्या बाजूला निघालं. १९५१मध्ये टोनी बेनेटने ते वाद्यवृंदासह गायलं आणि पॉप यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. २००२मध्ये नोरा जोन्सने, म्हणजे रविशंकरांच्या मुलीने, पियानोवर जवळजवळ जॅझच्या अंगाने. रे चार्ल्सने १९६२मध्ये 'यू विन अगेन' आणि 'हे, गुड लुकिन'' घेतली. इतक्या वेगळ्या हातांत जाऊनही हँकचं गाणं मोडत नाही. 'कोल्ड, कोल्ड हार्ट'मध्ये तर तक्रार स्पष्ट आहे: तुला आधी कुणी दुखावलं त्याची शिक्षा मला का? एवढंच कोर्टातल्या कैफियतीसारखं मुद्देसूद मांडलंय. चाल घ्या, ठेका बदला, ती कैफियत तशीच राहते.

तरीही मूळ तबकडीवर एक गोष्ट आहे जी कुणाला घेता आली नाही. हँक ओळीच्या शेवटच्या शब्दावर आवाज आटवतो, आणि तो आटताक्षणी, त्याच उंचीच्या वर, हेल्म्सचं स्टील सुरू होतं. जणू त्याला पुढे बोलवत नाही म्हणून दुसरं कुणी बोलतंय. बेनेटकडे तिथे वाद्यवृंद आधीपासूनच वाजत असतो, त्यामुळे ती फट उरत नाही.

---

सहा_तारा

गिटारवर सुरुवात कुठून करावी? बोटं अजून बसलेली नाहीत.

---

ठेकेदार

'जंबालाया'. दोनच कॉर्ड, सी आणि जी-सेव्हन. पहिल्या ओळीच्या शेवटी जी-सेव्हन, दुसरीच्या शेवटी परत सी, गाणं संपेपर्यंत हेच. लुइझियानातल्या केजन लोकांच्या 'ग्रां टेक्सास' या चालीवर बांधलेलं. बदल आधी करायची घाई होते. ओळीचा शेवटचा शब्द येईपर्यंत थांबा.

ते बसलं की 'युअर चीटिन' हार्ट' सीमध्येच. सी, सी-सेव्हन, एफ, जी-सेव्हन, आणि मधल्या भागात डी-सेव्हन. तो डी-सेव्हन या गाण्याचा खिळा आहे. तिथे साधा डी-मायनर घेतला तर वाजतं बरोबर, पण ओढ जाते. हे २३ सप्टेंबर १९५२च्या त्याच्या शेवटच्या बैठकीतलं. बाहेर आलं तेव्हा तो नव्हता.

वाजवताना अंगठ्याने पहिल्या मात्रेवर मूळ स्वर, तिसऱ्यावर पंचम, दुसऱ्या-चौथ्यावर वरच्या तीन तारा हलक्या. वेग लावू नका. मूळ तबकडी तुमच्या आठवणीपेक्षा बरीच संथ आहे, एकदा पायाने मोजून बघा.

---

पोलादी_पट्टी

आणि हेल्म्सची सुरुवातीची धून गिटारवर घेणार असाल तर सातव्या फ्रेटच्या वरच राहा. खाली सोपी पडते, पण मग गाणाऱ्याला जागा उरत नाही.